जुना डिजिटल मिक्सर सुरूच होत नाही? आधी वीजपुरवठा, मग मेमरी, शेवटी सॉफ्टवेअर

गणपती आठवड्यावर आलेले असतात. जूनपासून झाकून ठेवलेला डिजिटल मिक्सर बाहेर काढला जातो, प्लग लावून बटण दाबलं जातं आणि काहीच होत नाही. कधी एकही दिवा लागत नाही. कधी सगळे दिवे लागतात, पण स्क्रीन काळीच राहते. कधी कंपनीचा लोगो येतो आणि तिथेच अडकतो.

मुंबई-गोवा महामार्गावरच्या गडबसारख्या गावात हा प्रश्न जास्त जाणवतो. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पेण तालुक्यातल्या खारेपाटात खाडीची खारट, दमट हवा बाराही महिने असते. हळदी-लग्नाचा हंगाम संपला की मिक्सर पावसाळाभर बंद राहतो आणि थेट गणेशोत्सवात लागतो. त्यामुळे बिघाड कळतो तो नेमका कामाच्या तोंडावर.

अशा वेळी ‘बोर्ड गेला’ असं म्हणून मिक्सर भंगारात काढण्याची किंवा घाईत रिसेट मारण्याची चूक होते. खरं तर बिघाड बऱ्याचदा वीजपुरवठा, बॅटरी किंवा आतल्या जोडणीत असतो. त्यामुळे तपासणीचा क्रम महत्त्वाचा आहे. ज्यातून काही पुसलं जात नाही ते आधी करायचं आणि ज्यातून सेटिंग कायमची जाऊ शकतात ते शेवटी.

‘जुना’ म्हणजे किती जुना?

यामाहाचा ०२आर हा मिक्सर १९९५ मध्ये आला. त्याच कंपनीचे एम७सीएल आणि एलएस९ अनुक्रमे २००५ आणि २००६ मधले. बेहरिंगरचा एक्स३२ हा २०१२ चा. म्हणजे सेकंडहँड बाजारात फिरणारे बरेच मिक्सर दहा ते वीस वर्षांचे आहेत. त्यांचं आवाजाचं काम आजही चोख असतं. म्हातारे होतात ते आतले काही ठरावीक भाग.

बटण दाबल्यावर आत काय होतं?

डिजिटल मिक्सर हा एका कामासाठी बनवलेला संगणकच असतो. तो टप्प्याटप्प्याने सुरू होतो.

१. आतला पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएस, २३० व्होल्टच्या एसी विजेतून वेगवेगळे डीसी व्होल्टेज तयार करतो. प्रोसेसरसाठी ५ किंवा ३.३ व्होल्ट, माइकच्या सर्किटसाठी साधारण अधिक-उणे १५ व्होल्ट आणि कंडेन्सर माइकसाठी ४८ व्होल्ट.

२. व्होल्टेज स्थिर झालं की प्रोसेसर जागा होतो आणि फ्लॅश मेमरीतलं सॉफ्टवेअर वाचतो.

३. मग आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या डीएसपी चिप, बटणं आणि स्क्रीन सुरू होतात. मोटराइज्ड फेडर असतील तर ते वर-खाली होऊन आपली जागा घेतात.

४. शेवटी साठवलेली सेटिंग उघडतात.

मिक्सर कोणत्या टप्प्यावर थांबतो हे नीट पाहिलं तर निम्मं निदान तिथेच होतं.

लक्षणं काय सांगतात?

• एकही दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही: केबल, सॉकेट, फ्यूज किंवा एसएमपीएस.

• दिवे क्षणभर लागून विझतात, आतून ‘टिक-टिक’ येते: एसएमपीएस सुरू व्हायचा प्रयत्न करतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. पुढे कुठे तरी शॉर्ट आहे किंवा कपॅसिटर थकले आहेत.

• दोन-तीनदा चालू-बंद केल्यावर किंवा थोडं गरम झाल्यावर सुरू होतो: एसएमपीएसमधले कपॅसिटर सुकत चालल्याची ही ठळक खूण.

• सगळे दिवे लागलेले, स्क्रीन काळी: प्रोसेसर सुरू झाला नाही, किंवा फक्त स्क्रीनची बॅकलाइट गेली. स्क्रीनवर तिरपा टॉर्च मारून पाहावा. पुसट अक्षरं दिसली तर मिक्सर चालू आहे, बिघाड बॅकलाइटचा आहे.

• लोगोवर अडकतो: सॉफ्टवेअर, बिघडलेली मेमरी किंवा मागे लावलेलं एखादं कार्ड.

• सगळं सुरू होतं, पण आवाज नाही: हा बूटचा बिघाड नाही. मिक्सर बाहेरच्या डिजिटल क्लॉकवर सेट असेल आणि ते उपकरण जोडलेलं नसेल तर असं होतं. क्लॉक ‘इंटर्नल’ करावं.

न उघडता काय तपासता येतं?

मिक्सर थंड गाडीतून दमट मांडवात आणला असेल तर आत दव धरतं. लगेच प्लग लावू नये. दोन-तीन तास उघड्या, कोरड्या जागी ठेवावा.

मग मागच्या सगळ्या केबल, पेनड्राइव्ह, स्टेजबॉक्स आणि शक्य असेल तर एक्स्पान्शन कार्ड काढावं. फक्त पॉवर केबल ठेवून सुरू करून पाहावं. बाहेरच्या एखाद्या उपकरणामुळे मिक्सर अडकत असेल तर इथेच कळतं.

पॉवर केबल बदलून पाहावी आणि सॉकेटमधला व्होल्टेज मल्टिमीटरने मोजावा. मांडवातल्या थ्री-फेज जोडणीत न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला तर २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. मागच्या कार्यक्रमात एकाच वेळी अॅम्प्लिफायर, दिवे आणि मिक्सर बंद पडले असतील तर संशय न्यूट्रलवर घ्यावा. ती जोडणी दुरुस्त केल्याशिवाय दुसरा मिक्सरही तिथे लावू नये.

बाहेरून काढता येणारा फ्यूज असेल तर तो तपासावा. नवा फ्यूज त्याच अँपिअरचा आणि त्याच प्रकारचा हवा. फ्यूजच्या जागी तार गुंडाळली तर फ्यूजने वाचवायचा भाग जळतो. नवा फ्यूजही लगेच उडाला तर तिसरा लावू नये, आत शॉर्ट आहे.

आत कोणी हात घालावा?

एसएमपीएसच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतं. प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतं आणि जीवघेणं ठरू शकतं. त्यामुळे एसएमपीएसचं काम सरावलेल्या तंत्रज्ञानेच करावं.

तंत्रज्ञ पहिली तपासणी बहुतेक वेळा सिरीज लॅम्प लावून करतो. मिक्सरच्या वाटेत साधा फिलामेंटचा बल्ब जोडला की शॉर्ट असल्यास बल्ब पूर्ण तेजाने पेटून राहतो आणि पुढचं नुकसान टळतं. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर सहसा मोठा शॉर्ट नसतो. त्यानंतर एसएमपीएसमधून निघणारे व्होल्टेज मोजले जातात. ५ व्होल्टच्या ठिकाणी ४.५ च मिळत असतील तर प्रोसेसर सुरू होत नाही. बाहेरून मात्र ‘बोर्ड गेला’ असंच वाटतं.

इथे दोषी सहसा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात. त्यांच्या आत द्रव असतो आणि तो उष्णतेने हळूहळू सुकतो. १०५ अंश सेल्सिअसला २ हजार तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशाला अंदाजे ३२ हजार तास टिकतो, कारण तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. उन्हात, पंख्याची जाळी धुळीने बंद असताना वापरलेल्या मिक्सरचं गणित अर्थातच उलटं चालतं. फुगलेला कपॅसिटर डोळ्यांना दिसतो, पण न फुगलेलाही सुकलेला असू शकतो. त्यासाठी ईएसआर मीटर लागतो. बदली कपॅसिटर १०५ अंशाचे आणि नावाजलेल्या कंपनीचेच घ्यावेत. असे सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजारात मिळतात.

दमट भागात दुसरा संशय रिबन केबलवर. तिच्या टोकांवर गंज किंवा थर चढला की पॅनल आणि मुख्य बोर्ड यांचा संपर्क तुटतो. वीज पूर्ण काढून केबल सोडवणं, टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं, वाळवणं आणि पुन्हा घट्ट बसवणं एवढ्यानेही मिक्सर सुरू होऊ शकतो. त्यासाठी पेट्रोल किंवा तेलकट स्प्रे वापरू नये. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आणि एसएमपीएसमध्ये मेलेली पाल किंवा मुंग्या, हेही याच वेळी पाहावं.

बॅटरी आणि रिसेट: घाई कुठे महाग पडते?

अनेक जुन्या मिक्सरमध्ये सीआर २०३२ प्रकारची ३ व्होल्टची छोटी बॅटरी असते. मिक्सर बंद असताना ती मेमरी जपते. काही मॉडेलमध्ये ती फक्त घड्याळापुरती असते. बॅटरी संपली तरी बहुतेक मिक्सर सुरू होतात, पण सेटिंग हरवतात. क्वचित मेमरीत निरर्थक माहिती उरते आणि मिक्सर सुरू होतानाच अडकतो. काही मिक्सरमध्ये बॅटरी बोर्डाला सोल्डर केलेली असते, त्यामुळे ती बदलणं तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावं.

अडकलेली मेमरी साफ करायला रिसेटची सोय असते. यामाहाच्या ०१व्ही९६ मध्ये सीन मेमरीचं ‘स्टोअर’ बटण दाबून धरून पॉवर दिली की मिक्सर फॅक्टरी सेटिंगवर आणता येतो. इतर मॉडेलची बटणं वेगळी असतात आणि ती मॅन्युअलमध्ये दिलेली असतात. पण रिसेटने सगळे सीन पुसले जातात. बेंजो पार्टी, भजनी मंडळ, ऑर्केस्ट्रा अशा प्रत्येकासाठी वर्षानुवर्षं बसवलेलं मिक्सिंग त्यात जातं. दोष एसएमपीएसचा असेल तर रिसेटने मिक्सरही सुरू होत नाही आणि सेटिंगही जाऊ शकतात. म्हणून व्होल्टेज योग्य आहेत याची खात्री झाल्यावरच रिसेट करावा.

फर्मवेअर पुन्हा टाकणं ही त्यानंतरची पायरी. फाइल कंपनीच्याच संकेतस्थळावरून आणि नेमक्या त्याच मॉडेलची घ्यावी. फर्मवेअर चढत असताना वीज गेली तर मिक्सर खरोखरच निकामी होऊ शकतो, त्यामुळे यूपीएसशिवाय हे काम करू नये.

दुरुस्ती की नवा मिक्सर?

एसएमपीएस, बॅटरी, फेडर, रिबन केबल आणि बॅकलाइट यांची दुरुस्ती बहुधा परवडते. मुख्य बोर्डावरची डीएसपी किंवा कंपनीने स्वतः बनवलेली चिप गेली असेल आणि सुटा भाग मिळत नसेल, तर त्याच मॉडेलचा दुसरा बंद मिक्सर भागांसाठी घेणं किंवा नवा घेणं एवढेच पर्याय उरतात.

पुढच्या पावसाळ्यासाठी

हंगाम संपताच सगळे सीन पेनड्राइव्हवर किंवा संगणकावर उतरवून ठेवावेत. मिक्सर पूर्ण कोरडा करून सिलिका जेलच्या पुड्यांसह केसमध्ये, जमिनीपासून उंच ठेवावा. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी तासभर चालू करावा. त्याने आतली ओल कमी होते आणि बिघाड असेल तर तो जुलैतच कळतो. मोठ्या कार्यक्रमाला जाताना गाडीत एक छोटा अॅनालॉग मिक्सरही ठेवावा. डिजिटल मिक्सर ऐनवेळी उठला नाही तरी दोन माइक आणि आरती त्यावर निभावून जाते.