पैलतीरावरची वस्ती

वैशाख शुद्ध तृतीयेस रावेरकडील घराघरांतून मातीची नवी घागर पाण्याने भरली जाते. तिच्यावर लहानसे मडके, त्यावर डांगर, शेजारी आंबे आणि सांजोऱ्या. मग पुरणपोळीचा नि रसाचा घास गेलेल्या माणसांच्या नावाने विस्तवावर सोडावयाचा. आखाजीच्या या विधीमागील कल्पना साधी आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या उन्हात जित्या माणसास तहान लागते, तशी ती पितरांनाही लागत असली पाहिजे. हीच कल्पना प्राचीन इजिप्तच्या लोकांनी सुमारे तीन हजार वर्षे उराशी बाळगली, आणि तिच्यापायी डोंगर पोखरले.

इजिप्तच्या माणसाचा मृत्यूवर विश्वास नव्हता, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. माणसाच्या ठायी 'का' नावाचे एक प्राणतत्त्व असते, त्यास अन्नपाण्याची गरज असते. आणि 'बा' नावाचा दुसरा अंश मनुष्यमुखी पक्ष्याच्या रूपाने थडग्यातून बाहेर उडतो व रात्री देहाकडे परततो, अशी त्याची समजूत होती. पाखरास परतावयाचे तर घरटे शाबूत हवे. म्हणून देह टिकविण्याचा तो सारा खटाटोप. मेंदू नाकावाटे काढीत, आतडी, यकृत, फुप्फुसे व जठर काढून चार बरण्यांत ठेवीत, देह नॅट्रॉन नावाच्या क्षारात सुकवीत आणि तागाच्या पट्ट्यांनी गुंडाळीत. या साऱ्या संस्कारास सत्तर दिवस लागत. मेंदू फेकून देणारे हे लोक हृदय मात्र जागच्या जागी ठेवीत. कारण बुद्धी व स्मृती हृदयात वसते असे ते मानीत. खानदेशाच्या सीमेलगतच्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव महाराजांच्या बडोद्यातील संग्रहालयात अशी एक ममी आहे. ती पाहून लहान मुले भितात. वस्तुतः तिच्या आप्तांनी केवढ्या मायेने तिला गुंडाळले असेल!

थडगे म्हणजे घरच. त्याच्या भिंतीत दगडी दार कोरलेले असे. ते उघडत नसे, पण मृताच्या प्राणाने त्यातून येऊन भाकरी व यव-मद्य घ्यावे अशी योजना होती. हा नैवेद्य पिढ्यान्‌पिढ्या चालावा म्हणून श्रीमंत लोक पुजाऱ्यांस जमिनी लावून देत. आपल्याकडील इनामांचाच तो प्रकार. परंतु वंशजांचा भरवसा किती धरावा? म्हणून थडग्यावर वाटसरूंना विनंती कोरलेली असे, की द्यावयास काही नसेल तर निदान भाकरीचे नाव तरी उच्चारावे. उच्चारलेला शब्दही मृतास पोसतो, हा या विनवणीतला आधार. इतक्या वैभवशाली लोकांच्या मनात विस्मृतीचे भय किती खोल होते, हे तीवरून कळते.

प्रारंभी हे अमरत्व मुख्यतः राजाचे होते. उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये, इसवी सनापूर्वी सुमारे २३५० च्या सुमारास, परलोकीचे मंत्र प्रथम कोरले गेले. पुढे ते सरदारांच्या शवपेटिकांवर आले, आणि नंतर ज्याला पपायरसची गुंडाळी विकत घेणे परवडेल त्या प्रत्येकाच्या वाट्यास आले. त्या गुंडाळीत ओसिरिसच्या दरबाराचे चित्र असते. तराजूच्या एका पारड्यात मृताचे हृदय, दुसऱ्यात सत्यदेवता मातचे पीस. आपल्या चित्रगुप्ताप्रमाणे थोथ देव लेखणी घेऊन निकाल टिपीत उभा. बेचाळीस न्यायाधीशांपुढे मृताने अमुक पाप केले नाही, तमुक केले नाही असे सांगावयाचे. हृदय जड ठरले तर मगरीच्या तोंडाची राक्षसी ते गिळून टाकी. गंमत अशी की, याच गुंडाळीत स्वतःच्या हृदयास, बाबा रे, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस, अशी गळ घालणारा मंत्रही असे. न्यायावर श्रद्धा होतीच; पण वशिल्याची सोयही करून ठेवली होती.

थीब्झ नगरात जिवंतांची वस्ती नाईलच्या पूर्व तीरावर आणि मृतांची मुख्यतः पश्चिम तीरावर असे. असाच एक मांड गिरणेच्या काठी सापडला आहे. चाळीसगाव तालुक्यातील बहाळ येथे पुरातत्त्व खात्याच्या वतीने म. न. देशपांडे यांनी १९५२-५३ साली व पुन्हा १९५६-५७ साली उत्खनन केले. बहाळला ताम्रपाषाणयुगीन गाव निघाले, आणि समोरच्या तीरावर टेकवाडे येथे त्या युगातील दफने. इजिप्तचा येथे काही संबंध पोचला होता, असे मात्र कोणी समजू नये. नदी ओलांडली की माणूस परका होतो, हे कोणत्याही नदीकाठी सुचण्याजोगे आहे.

दक्षिणेकडील लोकांनी मात्र मृतांना घरातच ठेवले. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजतर्फे १९६८ ते १९८३ पर्यंत सांकलिया, अन्सारी व ढवळीकर यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले. तेथे दोनशेहून अधिक दफने मिळाली. त्यांतील बहुसंख्य लहान मुलांची. दोन करड्या मडक्यांची तोंडे एकमेकांस जोडून, आडवी निजवून, त्यांत मूल ठेवीत व ती घराच्या जमिनीखाली पुरीत. जवळ तोटीचे भांडे आणि वाडगा. आई ज्या जमिनीवर निजे तिच्याच खाली तिचे मूल. मोठ्यांची गोष्ट निराळी. त्यांना खड्ड्यात उताणे निजवीत, परंतु पुष्कळदा पावले घोट्याखाली तोडलेली. मृताने भूत होऊन हिंडू नये म्हणून हे करीत असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. तो बरोबर असेल तर एकाच घरात माया आणि भय शेजारी शेजारी पुरलेली होती. इजिप्तने मृतास परत येण्यासाठी दार कोरले. येथे त्याची वाटच तोडली, आणि तरीही पाण्याचे भांडे ठेवले.

याला एक अपवाद आढळला. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा रांजण निघाला. आत प्रौढ पुरुष गुडघे मुडपून बसविलेला, पावले शाबूत. तो गावचा मुख्य असावा. त्याच जागी तसाच आणखी एक रांजण होता, पण त्यात हाडांचा मागमूसही नव्हता. संशोधकांनी ते प्रतीकात्मक दफन मानले आहे. ज्याचा देह हाती लागला नाही अशा कुणासाठी ते केलेले असावे. देह नाहीसा झाला तर दगडी मूर्तीने काम भागावे अशी तजवीज इजिप्तच्या लोकांनी केली होती. घोडकाठच्या शेतकऱ्यांनी कोरून मूर्ती केली नाही. रिकामा रांजण पुरला, आणि त्यावर माती लोटली.