उतारवय आणि व्यायाम

कुंभार पिंपळगाव आणि जांब ही एकाच घनसावंगी तालुक्यातली गावे. समर्थ रामदासांचा जन्म जांबेचा, शके १५३० म्हणजे सन १६०८ मधला. नाशिकजवळ टाकळीस त्यांनी बारा वर्षे काढली. तेथे ते रोज बाराशे सूर्यनमस्कार घालीत, असे परंपरा सांगते. पुढे पायी देशाटन झाले, मारुतीची देवळे उभी राहिली. शके १६०३ मध्ये सज्जनगडावर त्यांनी देह ठेवला, तेव्हा त्यांचे वय सुमारे ७३ वर्षांचे होते.

पण तालीम म्हटली की आपल्यापुढे जवान गडीच उभा राहतो. केस पिकले की बाजेवर बसून राहावे, असं आपण मानत आलो. या समजुतीला औंध संस्थानात धक्का बसला. राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले आणि ते सर्वांनी नेमाने घालावेत असा प्रचार केला. तेथेच राहून पंडित सातवळेकरांनी आसने व सूर्यनमस्कार यांवर लिहिले. १८६७ साली जन्मलेले पंडितजी १९६८ साली वारले. त्यांनी शंभरी पार केली होती.

आता एखादे गुरुजी विचारतील, दोन-तीन माणसे दीर्घायुषी झाली, एवढ्यावरून काय ठरते? शंका रास्त आहे. त्यासाठी पुष्कळ माणसे तपासावी लागतात. लंडनच्या डॉ. जेरेमी मॉरिस यांनी ती तपासून १९५३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेथल्या दुमजली बसचा ड्रायव्हर दिवसभर बसलेला, तर कंडक्टर सारखा जिना चढत-उतरत असे. कंडक्टरांत हृदयविकार कमी आढळला. पुढे इतर देशांतील पाहणीतही, हालचाल करणारी माणसे सरासरीने अधिक जगतात असे दिसले.

"आम्ही रानात राबतो, आम्हांला कशाला व्यायाम?" असे कोणी म्हणेल. खरे आहे, कंडक्टरचा जिनाही कामाचाच होता. रानातले कष्ट वाया जात नाहीत. मात्र आता नांगरट ट्रॅक्टर करतो, रानात जायला मोटारसायकल आहे. आणि वयामुळे ज्याचे रान सुटले, त्याने तर हालचाल मुळीच सोडू नये. बसून राहिल्याने स्नायू झिजतात, तोल जातो, माणूस पडतो. खुब्याचे हाड मोडले की पुष्कळांना अंथरूण धरावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे: आठवड्यात निदान १५० मिनिटे मध्यम श्रम, दोन दिवस स्नायूंचा व्यायाम; आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचा सरावही. म्हणजे रोज वीस-पंचवीस मिनिटे झपझप चालावे, झेपतील तेवढ्या उठबशा काढाव्यात, भिंतीजवळ उभे राहून एका पायावर तोल धरावा. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

घरच्यांनीही एवढे करावे. आजोबांच्या हाती सगळे आयते देण्याऐवजी, संध्याकाळी त्यांना सोबत घेऊन मारुतीच्या पारापर्यंत चालत जावे.