मूस जॉची भुयारं

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताची राजधानी रिजायना. तिथून पश्चिमेला सत्तरेक किलोमीटरवर मूस जॉ नावाचं शहर आहे. शहर म्हणायचं एवढंच. वस्ती सुमारे ३३ हजार, म्हणजे आपल्याकडचं तालुक्याचं गाव. रस्ता सरळसोट. दोन्ही अंगांना नजर पोचेल तिथवर गव्हाची शेतं, आणि वर आभाळच आभाळ. गाडी चालवता चालवता माझा भाचा म्हणाला, "मामू, या गावात बघण्यासारखं जे आहे, ते जमिनीखाली आहे."

मूस हा हरणाच्या कुळातला थोराड प्राणी आणि जॉ म्हणजे जबडा. पण हे नाव क्री या आदिवासी भाषेतल्या उबदार वाऱ्याच्या शब्दावरून आलं असावं, असंही एक मत आहे. मला तेच पटवून घ्यायला आवडतं. गावाच्या वेशीवर मूसचा भलामोठा पुतळा आहे. नॉर्वेत त्याहून उंच पुतळा उभा राहिला, म्हणून २०१९ साली या गावानं आपल्या मूसला नवी, मोठी शिंगं बसवली!

तर भुयारं. मुख्य रस्त्यावरच्या जुन्या इमारतींच्या तळघरांतून ती दाखवली जातात. जुन्या काळचे पोशाख घातलेली नटमंडळी आपल्याला फिरवून आणतात. एका फेरीत शिकागोचा गुंड अल कपोन भेटतो. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती आणि मूस जॉहून अमेरिकेकडे थेट रेल्वे जात होती, तेव्हा कपोन इथं येऊन लपत असे, ही गावाची लाडकी गोष्ट. तो आल्याचा कागदोपत्री पुरावा मात्र नाही. दुसऱ्या फेरीत चिनी मजूर भेटतात. सरकारनं लादलेला कर चुकवण्यासाठी ते या अंधारात लपून राहत, कपडे धूत, असं सांगितलं जातं.

इथं मी जरा थबकलो. हा कर चिनी माणसाकडून कॅनडात पाऊल टाकतानाच, बंदरावर घेतला जाई. मग तो चुकवायला शेकडो मैल आत येऊन भुयारात कशाला लपायचं? अभ्यासकांनाही या वस्तीचे भक्कम पुरावे सापडलेले नाहीत. गोष्ट रंगतदार आहे, पण घडलं ते जमिनीवर, भर उजेडात आणि कायद्यानं.

कॅनडाच्या आरपार जाणारी रेल्वे १८८५ साली पुरी झाली. पश्चिमेकडचे डोंगर फोडायला हजारो चिनी मजूर आणले होते, कित्येक तिथंच मेले. काम संपलं आणि त्याच साली चिनी माणसावर ५० डॉलर प्रवेशकर बसला. १९०० साली तो १०० झाला आणि १९०३ साली ५००, म्हणजे मजुराची दोनेक वर्षांची कमाई. एवढे पैसे भरून बायको कोण आणणार? माणसं एकेकटी आली. रुळांच्या कडेनं गावोगाव पसरली, कुणी धोबीकाम धरलं, कुणी खाणावळ काढली.

मूस जॉमधला असाच एक खाणावळवाला क्वोंग विंग. त्यानं रीतसर नागरिकत्व घेतलं होतं. कागदावर तो ब्रिटिश प्रजाजन होता. १९१२ साली सस्कॅचेवाननं कायदा केला: चिनी, जपानी वा इतर पौर्वात्य मालकानं गोऱ्या स्त्रीला कामावर ठेवायचं नाही. हेतू म्हणे स्त्रियांचं रक्षण. घरातली बायको येऊ द्यायची नाही आणि बाहेरची वाढपी ठेवू द्यायची नाही, असा हा दुहेरी पेच. क्वोंग विंगकडे दोन गोऱ्या मुली वाढपाचं काम करत होत्या. त्याच्यावर खटला झाला, दंड झाला.

तो गप्प बसला नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९१४ साली निकाल विरुद्ध लागला. नागरिकत्व दिलं तर त्यासोबत हक्कही येतात, असं एकट्या न्यायमूर्ती आयडिंग्टन यांनी म्हटलं. बाकीच्यांनी कायदा उचलून धरला. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं अपील ऐकायलाही नकार दिला.

त्याच वर्षी जुलैत व्हँकूवरच्या बंदरातून 'कोमागाता मारू' हे जहाज परत पाठवलं गेलं. त्यावर ३७६ हिंदुस्थानी होते, बहुसंख्य शीख, काही मुसलमान, काही हिंदू. तेही ब्रिटिश प्रजाजनच.

जपाननं तक्रार केली आणि प्रांताच्या कायद्यातून जपानी लवकरच वगळले गेले. चिनी माणसांमागे असं वजनदार सरकार नव्हतं. १९१९ साली 'चिनी' हा शब्दही निघाला, पण नगरपालिकेच्या परवान्याची अट आली आणि कुणाला परवाना नाकारायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. १९२३ ते १९४७ चिनी माणसांना देशाचं दारच जवळजवळ बंद होतं. प्रवेशकराबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २००६ साली.

गोऱ्या मुलींना कामावर ठेवण्यासाठी परवान्याची अट घालणारा तो सस्कॅचेवानचा कायदा रद्द झाला १९६९ साली. त्याच वर्षी माणूस चंद्रावर उतरला होता.