कुंभाराचें चाक व पिकाचूची वीज

अपुलेइअस नांवाचा एक लॅटिन ग्रंथकार इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत उत्तर आफ्रिकेंतील रोमन न्यायासनापुढें आरोपी म्हणून उभा राहिला. जादूटोणा करून त्यानें एका मुलाला भुईवर पाडलें, असा त्याच्यावर एक आळ होता. मुलगा अपस्मारी आहे, त्याला पाडावयास मंत्र कशाला हवा, असें त्याचें उत्तर होतें. अशा रोग्याला भोंवळ आणण्यास कुंभाराचें फिरतें चाकही पुरतें, असें तो बोलून गेला. डोळ्यांवाटें फेंफरें येऊं शकतें हें ज्ञान इतकें जुनें आहे.

त्याला यंत्राची जोड मिळाली ती १९४६ सालीं. ब्रिस्टल येथें ग्रे वॉल्टर व त्याचे सहकारी उघडझाप करणारा दिवा डोळ्यांपुढें धरून मेंदूंतील विद्युल्लहरींचें आलेखन करीत होते. ठराविक वेगाच्या उघडझापीनें एरवीं निरोगी असलेल्या कांहीं माणसांच्या मेंदूंतही अपस्मारासारख्या लहरी उठतात, असें त्यांना दिसलें. प्रकाशाच्या तालावर असंख्य मज्जापेशी एकदम ताल धरतात, आणि ज्याची प्रकृति तशी असेल त्याला झटका येतो. मुलांत व किशोरांत ही प्रकृति अधिक आढळते. गडद तांबडा रंग तिला विशेष बाधतो.

इतकें ठाऊक असतांही १६ डिसेंबर १९९७ ची ती संध्याकाळ आली. जपानांत 'पोकेमॉन' ही दूरचित्रवाणीवरील चित्रमालिका मुलांच्या फार आवडीची. साडेसहाला भाग सुरू झाला. सुमारें वीस मिनिटांनीं पिकाचू ह्या पिवळ्या प्राण्यानें क्षेपणास्त्रांवर वीज सोडली आणि पडदाभर तांबडा व निळा रंग सेकंदास सुमारें १२ वेळां आलटूनपालटून झळकला. सारा खेळ चारपांच सेकंदांचा! तेवढ्यानें घरोघरीं मुलांना भोंवळ आली, ओकाऱ्या झाल्या, कित्येकांची झटके येऊन शुद्ध हरपली. ६८५ मुलांना रुग्णालयांत न्यावें लागलें. त्यांतील पुष्कळांना पूर्वीं कधींही फेंफरें आलेलें नव्हतें. मग आईबापांनीं तरी सावध कशावरून व्हावें? ह्याहून खेदाची गोष्ट अशी कीं, त्या रात्रींच्या बातम्यांत ही हकीकत सांगतांना तेंच दृश्य पुन्हा दाखविण्यांत आलें, आणि आणखी कांहीं प्रेक्षक आजारी पडले.

ह्याला निव्वळ दैवी आपत्ति म्हणावें असें आम्हांस वाटत नाहीं. ब्रिटनमध्यें १९९३ सालीं एका जाहिरातीनें प्रेक्षकांना झटके आले होते, व त्यावरून तेथील नियामकांनीं झगमगाटास सेकंदाला तीनांची मर्यादा घातली. खुद्द जपानांत १९९७ च्याच मार्चमध्यें दुसऱ्या एका चित्रमालिकेनें कांहीं मुलांना असा त्रास झाला होता. तरी जपानी प्रक्षेपकांचे नियम तयार झाले ते एप्रिल १९९८ मध्यें. मालिका चार महिने बंद राहून त्याच महिन्यांत पुन्हा सुरू झाली. तो भाग मात्र पुन्हा कधीं दाखविला गेला नाहीं. मुलांच्या चित्रमालिकांपूर्वीं, खोलींत उजेड ठेवा व पडद्यापासून दूर बसा, ही सूचना तेथें रूढ झाली.

त्या भागांत पॉरिगॉन नांवाचें एक नवें पात्र आलें होतें. वीज सोडली पिकाचूनें. पण त्या मालिकेंत पुन्हा प्रमुख काम मिळालें नाहीं तें बिचाऱ्या पॉरिगॉनला.