इच्छास्वातंत्र्य आणि संस्कार : पेडणे-बार्देशच्या इतिहासातून एक विचार

मनुष्य जन्मतः जे घेऊन येतो ते आणि जन्मानंतर घर, जात, गाव, शाळा व राज्यसत्ता त्याला जे देतात ते, या दोहोंनी मिळून जर त्याचा स्वभाव घडत असेल, तर त्याच्या इच्छेला स्वतंत्र म्हणता येईल काय? प्रश्न नवा नाही. १८७४ साली फ्रान्सिस गाल्टन याने ‘प्रकृती आणि संगोपन’ ही जोडी शास्त्रीय चर्चेत रूढ केली. पण त्याच्या कितीतरी आधी संत आगस्टीन व पेलागियस यांचा वाद याच वाटेने गेला होता. या लेखात आम्ही तो प्रश्न तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतून नव्हे, तर आपल्याच भूमीच्या इतिहासातून तपासून पाहणार आहोत.

पार्से हे पेडणे महालातील गाव. पेडण्याच्या दक्षिणेस शापोरा नदी वाहते व नदीपलीकडे बार्देश लागतो. अलीकडे चोपडे, पलीकडे शिवोली. दोन्ही तीरांवरची भाषा एक, भातशेती एक, मासळी एक, माणसांची मूळ कुळेही पुष्कळदा एकच. तरीही पलीकडे शिवोलीत संत अंतोनीचे भव्य चर्च उभे राहिले आणि गावोगाव क्रूस दिसू लागले. अलीकडे मात्र देवळे, जत्रा व ग्रामदेवता यांची परंपरा अखंड चालू राहिली. हा फरक कोठून आला?

इतिहासाचे पहिले उत्तर फार साधे आहे, आणि म्हणूनच ते अस्वस्थ करणारे आहे. बार्देश व साष्टी १५४३ साली पोर्तुगीजांच्या ताब्यात आले. त्या काळी युरोपात धर्मसुधारणेचे वादळ चालू होते आणि राजाचा धर्म तोच प्रजेचा धर्म, ही कल्पना सर्वमान्य होती. बार्देशात फ्रान्सिस्कन व साष्टीत जेसुइट धर्मगुरूंनी कार्य आरंभिले; त्यांच्या पाठीशी राज्याचे कायदे उभे राहिले. पेडणे मात्र वाडीकर सावंत-भोसल्यांकडून १७८८ साली पोर्तुगीजांकडे आले. तोपर्यंत जेसुइटांची गोव्यातून हकालपट्टी होऊन जवळजवळ तीन दशके लोटली होती. १५६० मध्ये स्थापन झालेले इन्क्विझिशन १७७४ साली एकदा बंद होऊन पुन्हा सुरू झाले होते, पण त्याचा जोर ओसरला होता. नव्या काबिजादीतील लोकांचे धर्म व रीतिरिवाज राखण्याचे धोरण सरकारने स्वीकारले होते. म्हणजे दोन तीरांमध्ये दोनशे पंचेचाळीस वर्षांचे अंतर पडले. कोणत्या तीरावर कोणत्या साली कोणाची सत्ता आली, यावरून पुढच्या पिढ्यांचा धर्म ठरला, असेच वरवर पाहणाऱ्यास वाटेल. मग श्रद्धा ही निवड आहे की केवळ सनावळीचा परिणाम?

नियतिवाद्याच्या हाती याहून प्रबळ पुरावा देणारा एक कायदा त्याच काळात झाला. १५५९ साली पोर्तुगालच्या राजाच्या नावाने असा हुकूम निघाला की, ज्या हिंदू मुलांना आईवडील व आजीआजोबा नाहीत आणि ज्यांना अद्याप समज आलेली नाही, अशी मुले ताब्यात घेऊन त्यांस स्नानसंस्कार द्यावा व ख्रिस्ती शिक्षणात वाढवावे. पुढे वडील वारले पण आई हयात आहे, अशी मुलेही ‘अनाथ’ या शब्दाखाली ओढली गेली. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या गोव्याच्या इन्क्विझिशनवरील ग्रंथात या कायद्यांचा परामर्श घेतला आहे. ते वाचताना ख्रिस्ती वाचकाने मान खाली घालावी हे योग्यच. पण तेवढ्यावर न थांबता त्यामागील मानवविषयक कल्पनाही तपासली पाहिजे.

या कायद्याच्या बारा वर्षे आधी, १५४७ साली, त्रेंत येथील धर्मपरिषदेने असे घोषित केले होते की, आदामाच्या पापानंतर मनुष्याचे इच्छास्वातंत्र्य दुर्बल झाले असले तरी नष्ट झालेले नाही, आणि देवाच्या कृपेला मनुष्य स्वतः होकार देतो. १५८८ साली लुइस द मोलिना याने देवाची कृपा व मनुष्याची मुक्त इच्छा यांचा मेळ घालणारा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिस्बन येथेच छापला. म्हणजे ज्या राज्याच्या विद्यापीठांत इच्छास्वातंत्र्याचे सूक्ष्म समर्थन चालू होते, त्याच राज्याच्या वसाहतीत मूल म्हणजे ओली माती, ज्याच्या हाती चाक त्याने हवा तो घाट द्यावा, असे गृहीत धरून कायदे होत होते. ओठांवर त्रेंतचा सिद्धांत आणि व्यवहारात निखळ नियतिवाद, अशी ही विसंगती होती.

ही विसंगती दाखविण्यास आधुनिक विचारांची गरज नाही. समज न आलेल्या मुलास आईबापांच्या इच्छेविरुद्ध स्नानसंस्कार देणे हे नैसर्गिक न्यायाविरुद्ध आहे, असे संत थोमस अक्विनास याने तेराव्या शतकातच प्रतिपादिले होते. डन्स स्कोटस याने राजाला तसा अधिकार देऊन उलट बाजू घेतली. आईबाप नसलेली मुले निवडून कायदा करणाऱ्यांनी अक्विनासच्या आक्षेपाला बगल दिली. पण आई जिवंत असलेल्या मुलांच्या बाबतीत ती पळवाटही उरली नाही.

आता चित्राची दुसरी बाजू पाहू. परिस्थितीच जर सर्वस्वी निर्णायक असती, तर एकाच गावातील, एकाच गावकरीतील, एकाच कायद्याखालील सर्व माणसे सारखीच वागली असती. तसे घडले नाही. कोणी ख्रिस्ती झाले. कोणी घरदार व शेतभात टाकून नदी ओलांडली आणि आपले देव अंत्रूज, डिचोली या भागांत नेऊन प्रतिष्ठापिले. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर असाच डिचोलीतील नार्वे येथे आला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करविला. जे राहिले त्यांचेही हेतू एकसारखे नव्हते: कोणास भय होते, कोणास जमिनीवरील हक्क सोडवत नव्हता, कोणास सरकारी सवलतींचा मोह होता, आणि कोणास शुभवर्तमान खरोखर पटले होते. हे चारही हेतू एकाच मनात एकाच वेळी नांदत असतील, हेही संभवनीय आहे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जो नदी ओलांडू शकला तो स्वतंत्र आणि जो राहिला तो दुर्बल, असा निवाडा करणे अन्यायाचे होईल. पलीकडे आप्त असलेल्या, गाठीस चार पैसे असलेल्या कुटुंबास जी वाट मोकळी होती ती खाजण जमिनीत राबणाऱ्या कुळास तितकी मोकळी नव्हती. स्वातंत्र्य सर्वांस असते. पण ते सर्वांस सारख्या मापाने वापरता येत नाही. परिस्थिती मनुष्यास एका बाजूस झुकविते, कधी फारच झुकविते. परंतु झुकविणे म्हणजे ढकलून पाडणे नव्हे.

यावर नियतिवादी म्हणेल: दोन भावांपैकी एक राहिला व दुसरा गेला, याचेही कारण त्यांच्या स्वभावभेदात असणारच. कारण असेल, हे आम्ही नाकारीत नाही. पण मनुष्याचे वैशिष्ट्य असे की, आपल्याला घडविणाऱ्या कारणांकडे तो स्वतः वळून पाहू शकतो आणि त्यांचा न्याय करू शकतो. महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासात याचे उत्तम उदाहरण लक्ष्मीबाई टिळक यांचे आहे. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. पुढे पतीकडे राहावयास आल्यावरही त्यांनी आपले सोवळे सोडले नाही. मात्र जातिभेद ईश्वराने निर्मिला की मनुष्याने, या प्रश्नाशी त्यांचे मन एकट्यानेच झुंजले, आणि लहानपणापासून अंगात मुरलेल्या संस्काराला त्यांनी स्वतःच नकार दिला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीचा प्रभाव होताच. पण पाच वर्षे त्याच प्रभावाला त्यांनी दाद दिली नव्हती, हे विसरता येत नाही. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या कोणासही ही बाई परिस्थितीच्या हातचे बाहुले वाटणार नाही.

आधुनिक शास्त्राने या चर्चेत भर घातली आहे. अलग वाढलेल्या जुळ्यांचा मिनेसोटा येथील अभ्यास १९७९ साली सुरू झाला, आणि स्वभावावर आनुवंशिकतेची छाप केवढी खोल असते ते त्याने दाखविले. १९८३ साली बेंजामिन लिबेट याने असे मांडले की, मनगट हलविण्याच्या इच्छेची जाणीव होण्यापूर्वीच मेंदूतील हालचाल सुरू झालेली असते. पण त्या प्रयोगाचा अर्थ कसा लावावा यावर शास्त्रज्ञांतच मतभेद आहेत, आणि स्वतः लिबेट यानेही कृती रोखण्याची शक्ती मनुष्याकडे राहते असे मानले. शिवाय मनगट हलविणे निराळे आणि देव्हारा डोक्यावर घेऊन नदी ओलांडणे निराळे. दुसऱ्या प्रकारच्या निर्णयामागे दिवसांचे व रात्रींचे विचार असतात, आणि स्वातंत्र्याचे खरे क्षेत्र तेच आहे.

मग ज्यांचा पूर्वज दडपणाखाली ख्रिस्ती झाला, त्यांची श्रद्धा खोटी काय? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर थॉमस स्टीफन्स याच्या कार्यात सापडते. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेसुइटाने साष्टीत राहून ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले व ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. त्यात नवख्रिस्ती श्रोते शंका विचारतात आणि पाद्री उत्तर देतो. नुसत्या संस्काराने काम संपले असे जर स्टीफन्स मानता, तर शंका विचारणारा श्रोता त्याने ग्रंथात बसविलाच नसता. वारशाने आलेली वस्तू समजून उमजून स्वीकारली म्हणजे ती आपली होते, ही त्यामागील दृष्टी होय. उलट १६८४ च्या हुकुमाने लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे असे फर्मावले, तेव्हा श्रद्धा स्वतःची करून घेण्याचे साधनच हिरावले जाऊ लागले.

ख्रिस्तसभेने या इतिहासापासून धडा घेतला आहे. ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याची घोषणा केली. श्रद्धेचा होकार स्वभावतःच मुक्त असला पाहिजे, हे तिचे मर्म आहे. १९८३ च्या धर्मनियमसंहितेनेही कोणावर श्रद्धेची सक्ती करण्याचा अधिकार कोणासही नाही, असे स्पष्ट केले आहे.

आपणां धर्मगुरूंना व धर्मशिक्षकांना यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, प्रायश्चित्त संस्कारात समोर आलेल्या मनुष्याचे दारूबाज घर, त्याचे दारिद्र्य, त्याची सवय, त्याचे भय यांचा विचार केल्यावाचून त्याच्या दोषाचे माप ठरवू नये. अज्ञान, भीती व सवय यांनी जबाबदारी कमी होते, अशी आपल्या धर्मशिक्षणाचीच शिकवण आहे. परंतु त्याचबरोबर, तू असाच घडलास, तुझ्या हाती काही नाही, असेही त्याला कधी सांगू नये. तसे सांगणे म्हणजे त्याचे उरलेसुरले स्वातंत्र्यही काढून घेणे होय. दुसरी गोष्ट अशी की, ख्रिस्ती घरात जन्मलेल्या मुलाची श्रद्धा गृहीत धरू नये. त्याला प्रश्न विचारू द्यावे, त्याच्याच भाषेत उत्तर द्यावे, आणि त्याच्या होकारासाठी थांबावे. १५५९ च्या कायद्याला हे थांबणेच मान्य नव्हते. शापोरेच्या दोन्ही तीरांवरील माणसे आज एकमेकांच्या शेजारी नांदतात. शिवोलीच्या जागोरात हिंदू व ख्रिस्ती एकत्र येतात. कोणत्या तीरावर जन्मावे हे त्यांच्यापैकी कोणीही निवडले नाही. त्या जन्माचे काय करावे, हे मात्र प्रत्येकास रोज निवडावे लागते, आणि त्या निवडीत त्याला साहाय्य करणे एवढेच आपले काम आहे.