बुडालेल्या रोजाचा हिशेब

कामठीत विडी वळणाऱ्या घरांत आजारपणाचा विषय काढला की औषधाच्या किमतीपेक्षा किती रोज बुडाले, हेच आधी सांगितले जाते. आरोग्यसेवा स्वस्त कशी होईल याचा विचार करताना या उत्तराकडे इतिहासाच्या अंगाने पाहायला हवे.

कन्हानच्या काठी इंग्रजांनी १८२१ साली वसवलेल्या या छावणीच्या गावात ६ जानेवारी १९०४ रोजी बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे जन्मले. ‘जय भीम’ हे अभिवादन रुजवणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. विडी मजूर ठेकेदाराच्या तावडीतून सुटावा म्हणून त्यांनी सहकारी तत्त्वावर विडीकाम सुरू केले आणि मध्यप्रांतातील विडी मजुरांची संघटना बांधली, हे तितकेसे सांगितले जात नाही. १९३७ साली ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे विधिमंडळावर निवडून गेले. १२ जानेवारी १९३९ रोजी क्षयाने त्यांचा अंत झाला. वय अवघे पस्तीस.

तेव्हा क्षयावर गुणकारी औषधच नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ चा. तोवर उपचार म्हणजे मोकळी हवा, सकस अन्न आणि महिनोनमहिने विश्रांती. पाचगणीला १९१२ पासून बेल-एअर आरोग्यधाम होते. पण हजार विड्यांमागे मजुरी घेणाऱ्याला विश्रांती म्हणजे चूल बंद. आमदाराचा आणि मजुराचा रोग एकच. मजुराला मात्र आजारी पडण्याचीही ऐपत नव्हती.

पुढे औषधे आली. मद्रासमध्ये १९५६ पासून झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले की गरीब वस्तीतला रुग्ण घरी औषध घेऊनही आरोग्यधामातल्या रुग्णाइतकाच बरा होतो. खाटेचा खर्च वाचला. पण घरी राहिलेल्या बाईच्या मांडीवरचे सूप कोण उतरवणार?

या प्रश्नाला १९७६ च्या विडी कामगार कल्याण निधीने थोडे उत्तर दिले. विडीवरच्या उपकरातून दवाखाने चालले, क्षयाच्या रुग्णाला उपचारकाळात निर्वाहभत्ताही मिळू लागला. म्हणजे बुडालेली मजुरी हाही उपचाराचाच खर्च आहे, हे सरकारने मान्य केले होते. २०१७ साली जीएसटी आला आणि तो उपकर रद्द झाला.

आज क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. पोषणासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. झारखंडमध्ये रुग्णाच्या घरच्यांनाही जादा शिधा दिला, तेव्हा त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. अन्न हेही औषधच ठरले.

उद्याची आरोग्यसेवा स्वस्त करायची तर गोळीची किंमत कमी करून भागणार नाही. रुग्णाचा बुडालेला रोज आणि घरचा शिधा त्याच हिशेबात धरावा लागेल. करुणा म्हणतात ती याहून वेगळी नसावी. हरदासांनी मजुराच्या मजुरीसाठी संघटना बांधली. तो आजारी पडल्यावरही ती मजुरी त्याच्या घरी पोहोचावी, एवढे काम आपल्याकडे उरले आहे.