‘मी’ म्हणणारी मुलगी

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि सनावळ्या डोळ्यांपुढे येतात. या गोदाकाठी आम्ही आज सांगणार आहोत तो इतिहास त्याहून लहान, पण आपल्या प्रत्येकाच्या घरातला आहे. वाढत्या वयाच्या मुलीची गोष्ट तिच्याच तोंडून, ‘मी’ म्हणून, वाङ्मयात केव्हा आली आणि त्याने काय घडले, एवढाच आमचा प्रश्न.

हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ पत्र सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः छापली. १८९३ मध्ये तिचे पुस्तक झाले. यमू आपली कथा स्वतः सांगते: माहेरचे खेळ, लहानपणीचे लग्न, सासरचा जाच, नवऱ्याच्या सहवासात लाभलेले थोडे सुख आणि अखेर वैधव्य व सक्तीचे केशवपन. त्याच सुमारास संमतिवयाचा वाद पेटला होता. १८९१ च्या कायद्याने ते वय दहावरून बारावर नेले, आणि एवढ्यासाठीही केवढे काहूर माजले! वादात सर्वांचे म्हणणे ऐकू येत होते. ज्या मुलींबद्दल वाद चालला होता त्यांचे मात्र क्वचितच. तो आवाज आपट्यांनी कल्पनेने उभा केला. हे त्यांचे मोठेच उपकार होत. तथापि यमूच्या तोंडून बोलत होता तो एक पुरुष.

खरी यमू मग कोठे होती? ती आपल्या या नाशिकजवळच होती. जलालपूर येथे १८६८ मध्ये गोखल्यांच्या घरी एक मुलगी जन्मली. वडिलांच्या सोवळ्याओवळ्याने घरातली माणसे बेजार झालेली. लहान वयातच नारायण वामन टिळकांशी तिचे लग्न झाले. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून. तीच लक्ष्मीबाई टिळक. ‘करमणूक’ निघाले तेव्हा त्या बाविशीत होत्या. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली ती १९३४ मध्ये. ती कादंबरी नव्हे, आत्मकथा आहे. पण फरक पाहण्यासारखा आहे. यमूसाठी वाचक रडतो. लक्ष्मीबाई त्याला आपल्याबरोबर हसायला लावतात. सोसणे दोघींच्याही वाट्याला आले. परंतु स्वतःच्या हातात लेखणी आली, तेव्हा सोसणारी मुलगी आपल्या सोसण्यापेक्षा मोठी झाली.

त्याआधी एकच वर्ष, १९३३ मध्ये, ‘कळ्यांचे निःश्वास’ निघाले. शिकलेल्या, प्रौढ झालेल्या, घराला मिळवून घालणाऱ्या अविवाहित मुलींचे मन त्यात होते. लेखिकेचे नाव विभावरी शिरूरकर. ते टोपणनाव होते; त्यामागे होत्या बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर. पुस्तकावर एवढे वादळ उठले की खरे नाव झाकले होते ते बरेच झाले, असे वाटावे. ‘मी’ म्हणायला मुलगी शिकली, पण सही करण्याची सोय अजून नव्हती.

हे आमच्यापुरतेच नाही. दूर आफ्रिकेतही हीच वाट पुढे चालली गेली. नायजेरियाच्या बुची एमेचेटा यांनी कन्याशुल्काच्या रूढीवर कादंबरी लिहिली. तिचे पहिले हस्तलिखित नवऱ्याने जाळले. त्या नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या, मुले सांभाळली आणि ती पुन्हा लिहिली. १९७६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. झिंबाब्वेच्या त्सित्सी दांगारेंब्गा यांच्या १९८८ च्या कादंबरीत तांबू नावाची मुलगी आहे. घरात पैसा थोडा, म्हणून शाळा भावाला. तेव्हा ही पोर स्वतः मका पिकवून फी उभी करू पाहते. आमच्या जिल्ह्यातल्या किती घरांतून हा हिशेब आपण ऐकलेला आहे! मुलीच्या ‘मी’ला अडसर घालणारे हात सर्वत्र घरातलेच असतात, आणि दार उघडणारेही पुष्कळदा घरातलेच.

आता एक गोष्ट आपल्या पदरची. वरची बहुतेक पुस्तके मोठ्यांसाठी लिहिली गेली. मुलींनी ती वाचली तर बहुधा मोठ्यांच्या कपाटातून काढून. मुलांच्या फळीवर गोट्या आहे, फास्टर फेणे आहे. ताम्हनकरांनी ‘चिंगी’ही लिहिली, परंतु घराघरांत नाव झाले ते गोट्याचे. हुंदडण्याची गोष्ट मुलाची आणि सोसण्याची मुलीची, अशी वाटणी आम्ही नकळत करून ठेवली आहे. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा केले, १९७८ च्या दुरुस्तीने अठरा. ही वाढलेली वर्षे कायद्याने दिली. त्या वर्षांत तिने कोण व्हावे हे कायदा सांगत नाही. ते गोष्टी सांगतात.

म्हणून आमची एवढीच विनंती आहे. घरी बारा वर्षांची मुलगी असेल तर तिच्या हाती यमू द्या, लक्ष्मीबाईही द्या. आणि त्याबरोबर एक कोरी वहीही द्या. मात्र तिने त्यात काय लिहिले ते उघडून पाहू नका.